दुसरें व्हायोलिन कोणी वाजवावें?

वार्षिक संमेलनाचे दिवस जवळ येऊं लागले, म्हणजे आमच्या वाद्यवर्गांत एक प्रश्न प्रतिवर्षीं नेमानें उपस्थित होतो. तीन-चार विद्यार्थ्यांनीं मिळून वाजवावयाची एखादी रचना निवडली, कीं पहिल्या व्हायोलिनसाठीं पांच हात वर होतात. दुसऱ्या व्हायोलिनसाठीं एकही होत नाहीं. मागें एका वर्षीं एका विद्यार्थ्यानें दुसऱ्या व्हायोलिनचा कागद घरीं नेला आणि दुसऱ्या दिवशीं तो परत आणून दिला. पाठोपाठ त्याचे वडील आले. ते नम्रपणें, परंतु निश्चयानें म्हणाले, "मास्तर, आमच्या मुलाला दुसरा नंबर नको. पहिलें व्हायोलिन देत असाल तर द्या. नाहीं तर त्याचा तेवढा वेळ अभ्यासाकडे लागूं द्या." मुलगा मान खालीं घालून उभा होता. ती रचना कार्यक्रमांतून गाळावी लागली, आणि त्या मुलानें पुढें व्हायोलिनला हात लावला नाहीं.

या गोष्टीचा सारा दोष मी त्या गृहस्थांच्या माथीं मारणार नाहीं. 'दुसरें' हा शब्द कानीं पडतांच परीक्षेंतील दुसरा क्रमांक आठवावा, हें आपल्याकडे अगदीं स्वाभाविक झालें आहे. शिवाय ज्याचा हात कच्चा त्याला दुसऱ्या व्हायोलिनवर बसवावें, असा परिपाठ मींच इतकीं वर्षें चालविला होता. तेव्हां 'दुसरें' म्हणजे कमी प्रतीचें, हें त्या मुलाला त्याच्या वडिलांच्याही आधीं मींच शिकविलें होतें. परंतु ज्या रचनेवरून हा प्रकार घडला, तिचा कर्ता त्या वेळीं आमच्या खोलींत असता, तर त्यानें आम्हां दोघांनाही चुकीचें ठरविलें असतें. तें कसें, हें विद्यार्थीमित्रांना व त्यांच्या पालकांना सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ती रचना म्हणजे आर्कांजेलो कोरेल्ली या इटालियन संगीतकाराचा एक सोनाटा. कोरेल्लीचा जन्म १६५३ सालीं फुसिन्यानो नांवाच्या लहानशा गांवीं झाला. बोलोन्या येथें त्यानें व्हायोलिनचें शिक्षण घेतलें आणि पुढील सारें आयुष्य रोम शहरांत घालविलें. स्वीडनची राणी ख्रिस्तीना, कार्डिनल पांफिली व कार्डिनल ओत्तोबोनी यांचा आश्रय त्याला लाभला. १७१३ सालीं तो वारला, तेव्हां रोमच्या प्रसिद्ध पँथिऑनमध्यें त्याचें दफन करण्यांत आलें. एका वादकाला हा मान मिळाला, यावरून त्याची योग्यता कळून येईल. साठ वर्षांच्या आयुष्यांत त्यानें छापण्यास योग्य म्हणून पुढें केल्या त्या अवघ्या सहा पुस्तकांतील प्रत्येकी बारा, अशा एकंदर बहात्तर रचना. पहिलीं चार पुस्तकें १६८१, १६८५, १६८९ व १६९४ या सालीं निघालीं. त्यांपैकीं पहिलें व तिसरें चर्चमध्यें वाजविण्यासाठीं होतें, दुसरें व चौथें दिवाणखान्यांत वाजविण्यासाठीं. पांचवें, एका व्हायोलिनचें, १७०० सालीं प्रसिद्ध झालें, आणि सहावें त्याच्या मृत्यूनंतर, १७१४ सालीं. लिहिलेलें सर्वच छापावें, या मोहापासून जो इतका अलिप्त राहिला, त्याच्या एकेका ओळींत अनावश्यक असें कांहीं सांपडत नाहीं, यांत नवल नाहीं.

सोनाटा म्हणजे वाद्यांवर वाजवावयाची रचना. दिवाणखान्यांतील सोनाट्यांच्या पुस्तकावर कोरेल्लीनें छापविलें आहे: दोन व्हायोलिनें आणि व्हायोलोन किंवा हार्पसिकॉर्ड. व्हायोलोन म्हणजे गजानें वाजवावयाचें मोठें खर्जाचें वाद्य. आज त्याच्या जागीं बहुधा चेलो घेतात आणि त्याच्या जोडीला हार्पसिकॉर्डही ठेवतात. आमच्या वर्गानें निवडलेला सोनाटा दुसऱ्या पुस्तकांतील पहिला होय. त्याचे भाग चार: प्रथम संथ असें प्रास्ताविक, मग अल्लेमांदा, त्यानंतर कोरेंते आणि शेवटीं गावोत्ता. हीं तिन्हीं नांवें नृत्यांचीं आहेत. 'अल्लेमांदा' या शब्दाचा अर्थ जर्मनांचें नृत्य, आणि 'कोरेंते' म्हणजे धांवतें. परंतु कोरेल्लीच्या हातीं हीं नृत्यें पायांनीं नाचावयाचीं राहिलीं नाहींत. तीं कानांनीं ऐकावयाचीं झालीं. सारा सोनाटा अवघ्या कांहीं मिनिटांत संपतो.

हार्पसिकॉर्ड हें वाद्य आपल्याकडे फार थोड्यांनीं पाहिलें असेल, म्हणून त्याविषयीं दोन शब्द सांगतों. दिसावयास तें पियानोसारखें असतें. परंतु पियानोंत पट्टी दाबली असतां तारेवर लहानशी हातोडी पडते, तर हार्पसिकॉर्डांत एक लांकडी पट्टिका वर उचलली जाते आणि तिच्यांत बसविलेली पिसाच्या देंठाची नखी तार छेडते. सतारीची नखी बोटांत असते, येथें ती यंत्रांत असते, एवढाच काय तो फरक. यामुळें एक गोष्ट घडते: पट्टी हलक्या हातानें दाबा कीं जोरानें, नाद जवळजवळ तेवढाच निघतो, आणि तो लवकर विरून जातो. ही उणीव दूर करण्यासाठींच फ्लॉरेन्स येथील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें १७०० च्या सुमारास पियानो बनविला. हार्पसिकॉर्डाला ओरडून दुसऱ्यावर मात करतां येत नाहीं. तो व्हायोलिनांच्या खालीं बारीक, स्वच्छ नादाची वीण घालीत राहतो, आणि त्याचें सारें काम त्या विणींतच असतें.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. या सोनाट्यांतील दोन व्हायोलिनांपैकीं दुसरें हें पहिल्याचें चाकर नव्हे. दोघांच्याही वांट्याला तेच स्वर, तोच मान आणि तीच अडचण येते. पहिल्यानें एक वाक्य बोलावें, दुसऱ्यानें तें उचलून पुढें न्यावें. थोड्या वेळानें दुसऱ्यानें आरंभ करावा आणि पहिल्यानें उत्तर द्यावें. पुष्कळदां दुसरें व्हायोलिन पहिल्याच्याही वर चढतें, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याला पहिलें कोणतें व दुसरें कोणतें हें सांगतां येत नाहीं. 'पहिलें' आणि 'दुसरें' हीं नांवें केवळ कागदांची ओळख पटावी म्हणून घातलेलीं आहेत.

या दोघांत कोरेल्ली एक खेळ वारंवार मांडतो, आणि तो इतका बोधप्रद आहे, कीं घरीं बाजाची पेटी असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तो स्वतः करून पाहावा. खालच्या सप्तकांतील पंचम दाबून धरा. वरच्या बाजूला सा वाजवा आणि तो सोडूं नका. सा हें एक व्हायोलिन आहे, असें समजा. आतां दुसरें व्हायोलिन येऊन सा च्या लगतचा रे धरतें. सा आणि रे एकत्र वाजूं लागतांच कानाला टोंचणी लागते. सा आपल्या जागेवरून हललेला नाहीं. क्षणापूर्वीं तो सुरेल होता, आणि भोंवतालची परिस्थिति पालटली म्हणूनच तो आतां बोंचूं लागला आहे. मग रे तसाच ठेवून सा सोडा आणि एक पायरी खालीं, निषादावर या. टोंचणी नाहींशी होते आणि अंतःकरणाला एक प्रकारचा विसांवा मिळतो. कोरेल्लीच्या संथ भागांत अशी मालिकाच चालते: एकदां हें व्हायोलिन अडून बसतें व तें त्याला टोंचतें, मग हें एक पायरी उतरतें, लगेच तें अडून बसतें आणि उतरण्याची पाळी त्याच्यावर येते. जो उतरला तो हरला, असें येथें कोणी म्हणत नाहीं. त्याच्या उतरण्यानेंच गोडी उत्पन्न होते. दोघांपैकीं कोणीच उतरावयाचें नाहीं असें ठरविलें, तर संगीत तेथेंच संपेल.

तिसऱ्या वादकाची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे. खालचा खर्ज हा या रचनेचा पाया. आपला तंबोरा एकच आधार धरून बसतो. यांचा आधार मात्र चालता असतो. तो पावलामागून पाऊल टाकीत जातो आणि वरच्या दोघांना प्रत्येक पावलाला नवी जमीन मिळवून देतो. हार्पसिकॉर्ड वाजविणाऱ्यापुढें याच खर्जाची एक ओळ लिहिलेली असते आणि तिच्या जोडीला कांहीं आकडे. उजव्या हातानें काय वाजवावयाचें तें लिहिलेलें नसतें. तें आकडे पाहून त्यानें जागच्या जागीं सिद्ध करावयाचें. खर्जांत सा असून आकडा नसेल, तर त्यावर गंधार व पंचम ठेवावे. खर्जांत ग असून ६ हा आकडा असेल, तर ग पासून मोजीत सहावा जो वरचा सा, तो आणि तिसरा जो पंचम, तो घ्यावा. वर पेटीवर करून पाहिलेला खेळ याच पद्धतीनें लिहावयाचा, तर खर्जांतील पंचमाशीं ४ आणि ३ असे दोन आकडे लागोपाठ येतात. कारण पंचमापासून सा चौथा आणि निषाद तिसरा. असा हा आकड्यांचा लेख वाचून, वरच्या दोघांचें ऐकत, त्यांच्या आड न येतां, ज्यानें मधली पोकळी भरून काढावयाची, त्याला किती विद्या आणि किती विवेक पाहिजे, याचा विचार करावा. श्रोत्यांचें लक्ष त्याच्याकडे क्वचितच जातें. पण तो उठून गेला, तर रचना उघडी पडली हें आंधळ्यालाही दिसेल.

हा साथीदार पुढें कसा वाढला, हेंही पाहण्यासारखें आहे. जर्मनींतील योहान सेबास्टियन बाख यानें एक व्हायोलिन व हार्पसिकॉर्ड यांसाठीं सहा सोनाटे लिहिले. त्यांत हार्पसिकॉर्डाच्या उजव्या हाताला त्यानें आकड्यांवर न सोडतां पूर्ण लिहिलेली स्वतंत्र ओळ दिली. कोरेल्लीच्या दुसऱ्या व्हायोलिनचें जें स्थान, तें हार्पसिकॉर्डाच्या उजव्या हाताकडे आलें. खर्ज डाव्या हाताकडे राहिला. म्हणजे वाजविणारे दोन, पण बोलणारे तीन. ज्यानें पिढ्यान् पिढ्या मागें बसून ऐकण्याची विद्या संपादन केली होती, त्याला बोलण्याची वेळ आली तेव्हां त्याच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ होतें.

कोरेल्लीच्या शिस्तीविषयींही एक हकीकत प्रसिद्ध आहे. चार्ल्स बर्नी या इंग्रज इतिहासकारानें ती कोरेल्लीचा शिष्य जेमिनियानी याच्या सांगण्यावरून लिहून ठेविली आहे. मोठ्या वाद्यवृंदाच्या तालमींत सर्व वादकांचे गज एकाच वेळीं वर व एकाच वेळीं खालीं गेले पाहिजेत, असा कोरेल्लीचा कटाक्ष असे. एखादा गज उलट जातांना दिसला, कीं तो तत्काळ तालीम थांबवी. ज्याच्या वादनानें सारें रोम मुग्ध झालें, त्यानें आपली कीर्ति एकट्याच्या गजावर उभारली नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावी.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप येतील, हें मी जाणतों. पहिला हा, कीं हें संगीत परक्यांचें आहे. आपल्याकडे एवढी थोर गायनपरंपरा असतां याच्या नादीं कां लागावें? याला माझें उत्तर असें, कीं आपल्या परंपरेची गोडी कमी व्हावी असें मी मुळींच म्हणत नाहीं. तंबोऱ्याजवळ बसून स्वर लावणाऱ्या मुलाला मी तेथून उठविणार नाहीं. परंतु एकाच वेळीं दोन भिन्न स्वरपंक्ति चालाव्या आणि त्यांच्या संयोगापासून तिसरेंच सौंदर्य निर्माण व्हावें, ही विद्या युरोपांत विशेष वाढली. ती तेथूनच घेतली पाहिजे. व्हायोलिन आपण घेतलेंच आहे. गजाननराव जोशी व व्ही. जी. जोग यांनीं त्याच वाद्यावर आपले राग असे वाजविले, कीं तें परकें होतें याची आठवणही राहूं नये. आणि दुसऱ्याला वाट देण्याची कल्पना तर आपल्याला मुळींच नवी नाहीं. भजनांत मुख्य गायकामागें ध्रुपद धरणारे टाळकरी नसतील, तर तें भजन कसलें?

दुसरा आक्षेप धार्मिक वळणाच्या पालकांचा असतो: नृत्यांच्या नांवांचें संगीत मिशनच्या शाळेंत कशाला? याचें उत्तर खुद्द कोरेल्लीनेंच देऊन ठेविलें आहे. त्याच्या चर्चसाठीं लिहिलेल्या सोनाट्यांतही, नांव न देतां, नृत्याची लय अनेक ठिकाणीं आली आहे. आणि दिवाणखान्यांतील सोनाट्यांचीं प्रास्ताविकें प्रार्थनेसारखीं गंभीर आहेत. शुद्ध अंतःकरणानें केलेल्या आनंदाला देवाच्या दारीं मज्जाव असेल, असें मला वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तोच त्या गृहस्थांनीं बोलून दाखविला होता: अभ्यासाचा वेळ जातो. वेळ जातो, हें खरें आहे. व्हायोलिन शिकल्यानें गणिताचे गुण वाढतील, असें खोटें आमिष मी पालकांना दाखविणार नाहीं. मी एवढेंच विचारतों, कीं सर्व विषयांत पहिलें येण्याची शिकवण आपण मुलांना दररोज देतों. परंतु शाळा सोडल्यावर त्यांचें आयुष्य जेथें जावयाचें, त्या घरांत, कचेरींत, इस्पितळांत, कारखान्यांत पहिल्याच्या जागा किती असतात? प्रत्येक ठिकाणीं कोणाला तरी दुसरी ओळ वाजवावी लागते, आणि ती जो मन लावून वाजवितो त्याच्यावरच सारें काम चालतें. ही विद्या आपण मुलांना कोणत्या तासाला शिकवितों? वेळापत्रकांत मला तरी तो तास सांपडलेला नाहीं.

आपल्या जवळचेंच एक उदाहरण देतों. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या चर्चशीं संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्यांत येत असे. त्या परंपरेंत तयार झालेले अनेक वादक विसाव्या शतकांत मुंबईस येऊन चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसले. गायकाचें नांव तबकडीवर छापलें जाई. मागच्या रांगांतील व्हायोलिनवाल्यांचीं नांवें श्रोत्यांच्या कानांवर येत नसत. तरीही आपल्या घरोघरीं गुणगुणल्या जाणाऱ्या कित्येक गाण्यांची अर्धी गोडी त्या रांगांनीं निर्माण केली आहे. संगीतकार प्यारेलाल यांनीं ज्यांच्याजवळ व्हायोलिनचे धडे घेतले, ते गोव्याचे अँटनी गोन्साल्विस याच परंपरेंतले. अशा माणसांचें ऋण मानावयाचें, तर आपल्या मुलाच्या हातीं दुसऱ्या व्हायोलिनचा कागद आला असतां खंत करण्याचें कारण उरत नाहीं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पैकीं दोन शाळेसाठीं व एक पालकांसाठीं. पहिली ही, कीं अशी रचना शिकवितांना प्रत्येक विद्यार्थ्यानें दोन्ही व्हायोलिनांच्या ओळी शिकाव्या, आणि वाजवितांना एका भागानंतर जागा बदलाव्या. म्हणजे कच्च्या हाताला दुसरी जागा देण्याचा माझा जुना परिपाठ आपोआप बंद पडेल. दुसरी अशी, कीं संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेंत वादकांचीं नांवें वर्णानुक्रमें छापावीं. कोणापुढेंही आकडा घालूं नये. आकडे हार्पसिकॉर्डवाल्याच्या कागदावर शोभतात. मुलांच्या नांवांपुढें त्यांची गरज नाहीं.

तिसरी सूचना पालकांना हात जोडून करावयाची आहे. संमेलनाहून घरीं जातांना मुलाला "तुझा कितवा नंबर आला?" असें न विचारतां, "तूं कोणाबरोबर वाजविलेंस, आणि त्याचें वाजविणें कसें झालें?" असें विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येण्यासाठीं त्या मुलाला आपल्या शेजाऱ्याचें ऐकावें लागलें असेल. आणि ज्यानें तें ऐकलें, त्याला या सोनाट्यांतील सर्वांत कठीण गोष्ट साधली, असें समजण्यास हरकत नाहीं.

त्या विद्यार्थ्यानें परत केलेला कागद अजून माझ्या कपाटांत आहे. पहिल्या पानावर त्यानें पेन्सिलीनें बोटांचे आकडे घालण्यास आरंभ केला होता. दोन ओळींनंतर ते थांबले आहेत. येत्या वर्षीं तीच रचना पुनः हातीं घ्यावयाची, असें मीं ठरविलें आहे. या खेपेस मी दुसऱ्या व्हायोलिनचा कागद प्रथम पुढें करणार आहें, आणि पहिल्या दिवशीं तो स्वतः वाजवून दाखविणार आहें. त्यानंतर वर्गांत कोणाचा हात वर होतो, तें पाहूं.